निळ्या रेघेवरचे एक्केचाळीस सेकंद

रविवारी सकाळी आठ वाजून सत्तावन्न मिनिटे आणि चव्वेचाळीस सेकंदांनी तळ्याकाठच्या बोटघरात सुनेने चालण्याच्या शर्यतीचा सर्व्हर बंद करण्याची कमांड दिली. बंद पडला तो दहा किलोमीटरच्या शर्यतीचा. तो पुन्हा उभा राहायला एक्केचाळीस सेकंद लागले. तेवढ्या वेळात दहा किलोमीटरची निळी रेघ एकाच व्यक्तीने ओलांडली. त्या सुनेच्या सासूबाई होत्या.

सासूबाई सत्तर वर्षांच्या. टपाल कार्यालयात त्यांनी पस्तीस वर्षे उभ्याने पत्रे वेगळी केली आणि निवृत्त झाल्यावर बसवेना म्हणून धावू लागल्या. साठीपुढच्या बायकांच्या गटात दहा किलोमीटरचा क्लबचा विक्रम अठ्ठावन्न मिनिटे बारा सेकंदांचा आहे. तो नऊ वर्षांपूर्वी त्यांच्या शाळेपासूनच्या मैत्रिणीने, दातांच्या डॉक्टरबाईंनी केला. बोटघराच्या भिंतीवरच्या काळ्या फळ्यावर तो आकडा पांढऱ्या रंगात रंगवलेला आहे. त्याच्यासाठी सासूबाई अकरा महिने पहाटे उठत होत्या. त्यांना अठ्ठावन्न अकरा हवे होते. एका सेकंदाचा प्रश्न होता.

डॉक्टरबाई गुडघ्यामुळे आता धावत नाहीत. त्या रेघेजवळ खुर्ची टाकून बसतात आणि क्लबची विक्रमांची वही सांभाळतात. शर्यत सुटण्यापूर्वी दोघींत जे बोलणे झाले ते आसपासच्या तीस-चाळीस जणांनी ऐकले.

"दातवाले, रंगाचा डबा आणलायस ना? माझं नाव लिहायचंय."

"पस्तीस वर्षांत एक पत्र वेळेवर पोचवलं नाहीस, टपालवाले. आता स्वतः पोचणार?"

"बोल, बोल. माझ्या दोन दाढा जास्तीच्या काढल्यास, तेवढंच माझं वजन कमी झालंय."

दरवर्षी क्लबच्या शर्यती एकीमागून एक होतात. यंदा तळ्याभोवतीच्या वाटेचे काम चालू आहे. कामाच्या मुकादमाने सात ते साडेनऊ एवढीच मोकळीक दिली, त्यामुळे तीन किलोमीटर चालणे, पाच किलोमीटर धावणे आणि दहा किलोमीटर धावणे या तिन्ही शर्यती एकाच वेळी वाटेवर असणार होत्या. अडचण वेळ मोजण्याची होती. धावणाऱ्याच्या बुटाला एक चिप असते. रेघेवर रबराची चटई असते. चिप चटईवरून गेली की चटईची पेटी तिचा क्रमांक सर्व्हरला, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या प्रोग्रामला, कळवते, आणि सर्व्हर आपल्या यादीत तो क्रमांक शोधून वेळ लिहितो. क्लबकडे जो प्रोग्राम आहे तो एका वेळी एकच शर्यत सांभाळतो.

क्लबच्या सचिवांनी तोडगा काढला. तीन कॉम्प्युटर आणायचे. ते बोलणे शुक्रवारी सासूबाईंच्या घरी, जेवणाच्या टेबलावर झाले. सासऱ्यांनी हातातला पेला खाली ठेवला.

"तीन कॉम्प्युटर म्हणजे तीन घड्याळं," ते म्हणाले. सासऱ्यांनी चाळीस वर्षे घड्याळदुरुस्तीचे दुकान चालवले. "माझ्या भिंतीवर दीडशे घड्याळं होती. दोन कधी एकसारखी चालली नाहीत. चालली तर मला संशय यायचा."

"मग काय करायचं, घड्याळजी?" सचिवांनी विचारले.

"घड्याळ एकच पाहिजे. बाकी तुमचं तुम्ही बघा."

बाकीचे सुनेने बघितले. ती इस्पितळाच्या कॉम्प्युटर विभागात आहे. क्लबचे यंत्र लिनक्स या प्रणालीवर चालते, आणि एकाच लिनक्स यंत्रावर एकाच सर्व्हरच्या अनेक प्रती चालवणे हे तिचे रोजचे काम.

"आमच्याकडे एका मशिनवर अकरा चालतात," तिने सांगितले. "रक्ताच्या तपासण्यांची वेगळी, एक्स-रेची वेगळी. एका घरात तीन बिऱ्हाडं असतात ना, तसं समजा. प्रत्येकाचा पोर्ट वेगळा, म्हणजे दाराचा नंबर. प्रत्येकाचं फोल्डर वेगळं, म्हणजे कपाट. आणि लॉग वेगळा."

"लॉग म्हणजे?" सासूबाईंनी विचारले.

"दिवसभरात काय काय झालं त्याची वही."

"आणि भांडणं?"

"दार एकच ठेवलं की होतात, आई. मी तीन ठेवणार आहे."

शनिवारी दुपारी घरातच चाचणी झाली. बोळात तीन चटया एकामागे एक टाकल्या, कारण तळ्याकाठची वाटही अरुंद आहे आणि तिथेही चटया तशाच पडणार होत्या. आधी चालणाऱ्यांची पांढरी, मग पाचची पिवळी, शेवटी दहाची निळी, दोन चटयांमध्ये तीन तीन मीटर. बोळात एवढी जागा नसल्याने निळी चटई न्हाणीघरात गेली. सासूबाईंनी मोज्यात चिप खोचली आणि बोळातून न्हाणीघरापर्यंत चाळीस फेऱ्या मारल्या. प्रत्येक फेरीला त्यांचा ४१७ हा क्रमांक दहाच्या सर्व्हरवर वेळेसकट उमटला. बाकी दोघांनी तो नाकारला आणि आपापल्या 'अनोळखी' यादीत टाकला.

"पाचवाल्यांना मी अनोळखी?" सासूबाई पडद्यावर वाकून म्हणाल्या. "रोज पहाटे यांना पाणी कोण पाजतं?"

"यादीत नाव नाही तुमचं."

"यादीत नसू दे. ओळख ठेवायला काय होतं?"

साडेपाच वाजता सगळ्यांना भूक लागली. सुनेने यंत्राचे बटण दाबून सगळे एकदमच बंद केले. एकेका सर्व्हरला वेगळे थांबवण्याची कमांड कोणी वापरून पाहिली नाही. चूक राहिली ती इथे.

ती चूक अशी. सर्व्हरची प्रत्येक प्रत सुरू होताना यंत्राकडून एक क्रमांक घेते आणि तो एका लहानशा फाइलमध्ये लिहून ठेवते. थांबवण्याची कमांड ती फाइल उघडते आणि आत जो क्रमांक असेल त्या प्रतीला थांबवते. सुनेने पोर्ट तीन केले, फोल्डर तीन केले, लॉग तीन केले. पण या फाइलचा पत्ता सेटिंगमध्ये नव्हता, सुरू करण्याच्या स्क्रिप्टच्या, म्हणजे सूचनांच्या यादीच्या, चौतिसाव्या ओळीत होता. स्क्रिप्टच्या प्रती काढताना ती ओळ जशीच्या तशी तिन्हीकडे गेली. तीन बिऱ्हाडे आणि पाटी एक, अशी गत झाली. रविवारी सकाळी आधी चालण्याचा सर्व्हर सुरू झाला, मग पाचचा, मग दहाचा. पाटीवर नाव राहिले शेवटच्याचे.

रविवारी सगळे सुरळीत चालले होते. चालणारे सात चाळीसला सुटले, दहावाले बरोबर आठला, पाचवाले सव्वाआठला. बोटघराच्या खिडकीशी सून बसली होती. पडद्यावर तीन चौकटी होत्या आणि तिन्हींत क्रमांक टपटप पडत होते. दोन फेऱ्यांच्या वाटेवर सासूबाईंची पहिली फेरी एकोणतीस मिनिटे दोन सेकंदांत झाली, हे सासऱ्यांनी खिडकीतून ओरडून नव्हे, तर चिठ्ठीवर लिहून कळवले. रेघेजवळ आवाज करायचा नाही हा त्यांचा नियम आहे. हातातले चावीचे स्टॉपवॉच घेऊन ते बावीस वर्षे त्या रेघेवर उभे राहत आले आहेत. यंत्र चुकलेच तर त्यांची वेळ धरायची, असे क्लबच्या नियमात लिहिले आहे.

आठ पंचावन्नला सचिव खिडकीशी आले.

"चालणाऱ्यांचा कागद दे गं. नऊला बक्षिसं आहेत."

"काका, शर्यत बंद केल्याशिवाय निकालाचा कागद निघत नाही."

"मग कर ना बंद. चालणारे केव्हाच आलेत, केळी खाऊन सालंसुद्धा टाकून झाली."

"दहाच मिनिटं थांबा. आई येतीलच आता."

"मागच्या वर्षी असंच दहा दहा मिनिटं करत दुपारी दोनला बक्षिसं वाटली. एक आजोबा कप हातात घेऊन झोपले."

सुनेने कमांड दिली. प्रिंटरने कागद बाहेर टाकला. सचिवांनी चष्मा वर केला.

"पहिला क्रमांक, दहा किलोमीटर, छत्तीस मिनिटं." त्यांनी कागद उलटून पाहिला. "अगं, हे चालत गेले?"

सुनेने पडद्याकडे पाहिले. चालण्याची चौकट चालू होती. दहाची रिकामी होती. तिने ती लहान फाइल उघडली, चौतिसावी ओळ पाहिली, दहाच्या फाइलला वेगळे नाव दिले आणि सर्व्हर पुन्हा सुरू केला. सून सांगते की तेव्हा तिला बाहेरून फक्त सासऱ्यांचा आवाज ऐकू येत होता, आणि सासरे रेघेवर ओरडत नाहीत.

सासरे ओरडत होते. वळणावर सासूबाई दिसल्या तेव्हा त्यांनी स्टॉपवॉचकडे पाहिले आणि विक्रमाला अजून वेळ आहे हे त्यांच्या लक्षात आले. त्यानंतर त्यांनी काय केले ते त्यांना स्वतःला नीट आठवत नाही. पाहणाऱ्यांच्या म्हणण्याप्रमाणे त्यांनी दोन्ही हात वर केले, "पळ! अगं पळ!" असे पाच-सहा वेळा म्हटले, टाळ्या वाजवल्या आणि एकदा उडी मारली. स्टॉपवॉच गळ्यातल्या दोरीला लटकत चालूच राहिले.

"घड्याळजी," डॉक्टरबाई खुर्चीतून म्हणाल्या, "दाबलंत का?"

त्यांनी तेव्हा दाबले. त्यावर अठ्ठावन्न चाळीस होते.

सासूबाई गुडघ्यांवर हात ठेवून दम घेत होत्या. "किती?"

सासऱ्यांनी स्टॉपवॉच मुठीत झाकले.

"किती म्हणते मी!"

सून बोटघरातून धावत आली. "आई, मशीन बंद पडलं होतं. म्हणजे मीच पाडलं. नेमकं तुम्ही आलात तेव्हाच."

"आणि ह्यांनी?"

"मी टाळ्या वाजवत होतो," सासरे म्हणाले.

सासूबाईंनी नवऱ्याकडे पाहिले. मग त्या खाली गवतावर बसल्या आणि हसू लागल्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "बावीस वर्षं या माणसाने मला रेघेवर शिंकू दिलं नाही! चाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा माझ्या नावाने ओरडलात, आणि मुहूर्त हा काढलात?"

"नावाने नाही ओरडलो. पळ म्हणालो फक्त."

"तेच ते. आता विक्रम नाही झाला तरी चालेल मला."

"खोटं बोलतेय," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"खोटं बोलतेय," सासूबाईंनी कबूल केले आणि सुनेकडे हात केला. "उठव मला. रडतेस कशाला? पत्र हरवलं असं आम्ही लगेच म्हणायचो नाही. पत्ता चुकलेलं पत्र कोणी फेकून देत नाही, त्याचा वेगळा खण असतो. तुझ्या पाचवाल्यांना मी अनोळखी आहे ना? मग त्यांच्या चटईवर पाय पडलाय माझा. तो खण बघ."

सुनेने त्यांना उठवले. मग ती बोटघराकडे पळाली, आणि पाहणाऱ्यांच्या मते त्या दिवसाची सगळ्यांत वेगवान धाव तीच होती. पाचचा सर्व्हर सकाळपासून एकदाही थांबला नव्हता. त्याच्या लॉगमध्ये अनोळखी चिपांच्या यादीत ओळ होती. क्रमांक ४१७, आठ वाजून अठ्ठावन्न मिनिटे, नऊ पूर्णांक नऊ दशांश सेकंद.

म्हणजे पिवळ्या रेघेवर अठ्ठावन्न मिनिटे नऊ पूर्णांक नऊ दशांश सेकंद. आणि ही वेळ धरता येत होती, कारण दहाची शर्यत ज्या घड्याळावर सुटली त्याच घड्याळाने ती लिहिली होती.

"मी काय म्हणालो होतो?" सासरे म्हणाले. "घड्याळ एक."

"तुम्ही आज बोलू नका," सासूबाई म्हणाल्या.

प्रश्न आता तीन मीटरांचा राहिला. क्लबच्या नियमाप्रमाणे पूर्ण सेकंदाच्या वर किंचित जरी गेले तरी पुढचा सेकंद धरतात. सासूबाईंनी पिवळ्यापासून निळ्यापर्यंतचे अंतर एक पूर्णांक एक दशांश सेकंदात कापले असेल तर विक्रम त्यांचा. त्याहून जरा जास्त लागले असतील तर बरोबरी. त्यांच्या सरासरी वेगाने तीन मीटरला एक सेकंद आणि पाच शतांश लागतात, असे सुनेने कागदावर काढून दाखवले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"तीनच मीटर आहे कशावरून?" डॉक्टरबाईंनी विचारले.

सचिवांनी कापडी टेपने मोजले. तीन मीटर बारा सेंटिमीटर. तरीही विक्रम होत होता. डॉक्टरबाई काठी टेकत उठल्या, टेपचे एक टोक स्वतः धरले, दुसरे सासूबाईंच्या हातात दिले. तीन मीटर सतरा. आता बरोबरी होत होती.

"ओढू नकोस, दातवाले!"

"तू ढिला सोडतेयस. तोंड सैल सोडायची सवय तुला, टेप तरी ताठ धर."

नऊ वीसला मुकादम रोलर घेऊन हजर झाला होता. पाच मिनिटे त्याने हे मोजमाप पाहिले आणि मग त्याच्याने राहवेना. तो गाडीतून पोलादी टेप घेऊन आला. "बाजूला व्हा, काकू. कापडी टेप ताणला तसा मोजतो." त्याने उकिडवे बसून दोनदा मोजले. तीन मीटर चौदा.

सुनेने आकडेमोड केली. एक सेकंद, नऊ शतांशांच्या किंचित वर. विक्रम होत होता. पुन्हा टाळ्या झाल्या. रोलरच्या चालकानेही भोंगा वाजवला.

डॉक्टरबाईंनी वही उघडली, पेनाचे टोपण काढले आणि पुन्हा लावले. "सरासरी वेग म्हणजे तिचा वेग नव्हे. मी खुर्चीत बसून बघत होते. हिने दोन्ही हात वर केले. हात वर केले की पाय मंदावतात."

"हात मी निळ्यावर केले!"

"पिवळ्यावर."

"अगं, मला माहीत नाही का माझे हात?"

"अठ्ठावन्न मिनिटं पळाल्यावर कोणालाच माहीत नसतात. मलाही नव्हते." डॉक्टरबाईंनी टोपण पुन्हा काढले. "लिहायचं असेल तर आत्ता लिहिते. तू सांग."

सासूबाईंनी दोन्ही रेघांकडे पाहिले. मुकादमाकडे पाहिले. "नको," त्या म्हणाल्या. "पायांनी मिळवलेला तो सेकंद तू नऊ वर्षं सांभाळलास. मी गणिताने घेऊ? पुढच्या रविवारी पळते. पूर्ण दहा."

"गुडघे?"

"तुझे नाहीत, माझे आहेत."

"मग मी शिटी वाजवणार. आणि घड्याळ मी धरणार. तुझा नवरा लांब उभा राहील."

"मी झाडामागे उभा राहीन," सासरे म्हणाले. "तिथून ओरडलेलं चालेल ना?"

नऊ तीसला वाट बंद झाली. चालणाऱ्यांची बक्षिसे नऊ पस्तीसला बोटघरात वाटली गेली. त्याआधी सुनेने उरलेल्या दोन स्क्रिप्टमधली चौतिसावी ओळ बदलली, नव्या फाइलींत त्यांचे क्रमांक लिहिले, तिन्ही सर्व्हरचे क्रमांक मोठ्याने वाचले, सासऱ्यांनी ते कागदावर लिहून पडताळले, आणि मगच चालण्याचा सर्व्हर थांबवला. चालण्याचाच थांबला. मग पाचचा. तोही बरोबर थांबला. सचिवांना त्यांचे दोन कागद मिळाले. तिसरा अजून मिळालेला नाही.

रविवारी संध्याकाळी पाचपर्यंतची माहिती अशी. पुढच्या रविवारी सात ते साडेआठ वाट मोकळी ठेवावी, असा अर्ज डॉक्टरबाईंच्या सहीने मुकादमाकडे गेला आहे. वरच्या साहेबांना विचारून मंगळवारी सांगतो, असे तो म्हणाला. फळ्यावरचा जुना आकडा तसाच आहे. त्याच्या खालची ओळ डॉक्टरबाईंनी ओल्या फडक्याने पुसून ठेवली आहे. सासूबाईंनी दुपारी दोन तास झोप काढली, उठल्यावर बूट धुतले आणि चिप मात्र काढू दिली नाही.

दहाचा सर्व्हर सुनेने थांबवलेला नाही. बोटघरातल्या यंत्रावर 'बंद करू नये' अशी चिठ्ठी चिकटवलेली आहे. घरून जोडणी करून पाहिले तर पडद्यावर शेवटची ओळ दिसते. धावणारे शहाऐंशी, पोचलेले पंच्याऐंशी. क्रमांक ४१७ वाटेत आहे, नऊ तास झाले.